आवडलं नाही, पण कुठल्या पानावर?

पत्र

सप्रेम नमस्कार,

गेले काही महिने मी ठरवून नवी पुस्तकं वाचते आहे आणि प्रत्येकाबद्दल वहीत चार ओळी लिहिते. आमचा छोटासा वाचनगट आहे, तिथे त्या वाचून दाखवायच्या असतात. आता ही वहीच मला अडचणीत आणते आहे. ‘ऑर्बिटल’ वाचताना दोनदा डुलकी लागली, तरी वहीत लिहिलं, ‘नितांतसुंदर, अंतर्मुख करणारं.’ खरं तर त्यातली ती आई गेल्याचं कळलेली बाई सोडली तर मला काहीच आठवत नाही. ‘प्रॉफेट साँग’ निम्म्यावर सोडलं. त्याबद्दल नोंद एवढीच, ‘गुदमरले. सोडलं.’ ‘द थर्सडे मर्डर क्लब’ एका रात्रीत संपवलं, एके ठिकाणी डोळ्यांत पाणीही आलं, पण गटात सांगायची लाज वाटली. रश्दींचं ‘नाइफ’ वाचताना मध्ये कंटाळा आला आणि लगेच अपराधी वाटलं. ‘हार्ट लॅम्प’मधल्या कथा भिडल्या, पण सारखे अनोळखी शब्द आडवे यायचे, अनुवाद कच्चा वाटला. ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’नं आधी झपाटलं, नंतर वैताग आणला.

गटातले एक ज्येष्ठ म्हणाले, “हे समीक्षण नव्हे, ही नुसती तुमची प्रतिक्रिया.” माझी आवडच सुमार आहे का? आधी समीक्षा शिकावी की लिहिणंच थांबवावं? आणि ‘ऑर्बिटल’ जिनं भेट दिलं ती मैत्रीण सारखी विचारते, “कसं वाटलं?” तिला काय सांगू?

गोंधळलेली वाचक

ता. क. ‘प्रॉफेट साँग’ पुन्हा हातात घ्यावं का?

उत्तर

तुमच्या वहीतली सगळ्यात चांगली नोंद कोणती ते आधी सांगते. ‘गुदमरले. सोडलं.’ आणि सगळ्यात वाईट? ‘नितांतसुंदर, अंतर्मुख करणारं.’

पहिली नोंद दोनच शब्दांची आहे, पण पुस्तक न वाचता ती कुणाला लिहिता आली नसती. पॉल लिंच यांच्या या कादंबरीला, ‘प्रॉफेट साँग’ला, २०२३चं बुकर पारितोषिक मिळालं. आयर्लंडमध्ये दडपशाहीचा फास हळूहळू आवळत जातो, कामगार संघटनेत काम करणारा नवरा नाहीसा होतो आणि त्याची बायको मुलांना घेऊन घर सावरत राहते, एवढं कथानक. आता त्या पुस्तकाचं कुठलंही पान नुसतं डोळ्यांसमोर धरा. परिच्छेद पाडलेले नाहीत. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. कोण बोललं आणि कोण मनातल्या मनात म्हणालं हे वाचता वाचता आपणच सोडवायचं. नजरेला टेकायला पानावर कोरी जागा जवळजवळ नाहीच. त्या बाईला श्वास घ्यायला उसंत नाही, तशी वाचणाऱ्यालाही ठेवलेली नाही. आणि तुम्ही काय लिहिलंत? गुदमरले! लेखकाला जे करायचं होतं ते तुमच्या बाबतीत नेमकं झालं. पुस्तक निम्म्यावर सोडूनही तुम्ही ते बरोबर वाचलंत. पूर्ण वाचून ‘आजच्या काळाचा आरसा’ असं लिहिणाऱ्यांपेक्षा बरोबर.

दुसरी नोंद कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येते. कवितासंग्रहाला चालेल, प्रवासवर्णनाला चालेल, न वाचलेल्या पुस्तकाला तर फारच छान चालेल. पत्रात तुम्ही मला डुलकीबद्दल सांगितलंत, वहीला मात्र सांगितलं नाहीत. म्हणजे खरं काय वाटलं ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग ते वहीपर्यंत पोचेस्तोवर कुणी अडवलं? मला विचाराल तर मुखपृष्ठावरच्या बुकरच्या शिक्क्यानं.

हे होणारे तुम्ही काही पहिल्या नाहीत. आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कविता वाटत. वर कवीचं नाव नाही, काळ नाही, काही नाही. वाचा आणि काय वाटतं ते मोकळेपणानं लिहून द्या, एवढंच सांगत. १९२९ साली त्यांनी त्या उत्तरांवर ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिलं. जॉन डन, हॉपकिन्स अशा नामवंत कवींना त्या हुशार मुलांनी धडाधड नापास केलं होतं, आणि आज कुणाच्या खिजगणतीत नाहीत अशा कवींच्या गोडगोड कवितांवर ती खूश झाली होती. एरवी डनचं नाव दिसताच हीच मुलं मान डोलावून मोकळी झाली असती, याबद्दल मला शंका नाही. पण रिचर्ड्स यांनी नोंदवलेल्या अडचणींपैकी मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच. अनेक जण समोरची कविता वाचतच नव्हते. मृत्यू, देश, बालपण असा एखादा शब्द आला की त्या विषयाबद्दल मनात आधीच तयार असलेली भावना ते कागदावर उतरवत होते. रिचर्ड्स यांनी याला ठरीव प्रतिसाद म्हटलं. ‘अंतर्मुख करणारं’ हा तसाच एक. अंतराळ, पृथ्वी, एकांत असं काही दिसलं की तो आपसूक बाहेर पडतो.

तेव्हा ‘ऑर्बिटल’कडे परत जाऊ. समंथा हार्वी यांची ही जेमतेम १३६ पानांची कादंबरी, बुकर २०२४. अंतराळस्थानकात सहा माणसं आहेत आणि गोष्ट एका दिवसाची आहे. त्या एका दिवसात स्थानक पृथ्वीला सोळा प्रदक्षिणा घालतं. सोळा वेळा सूर्य उगवतो, सोळा वेळा मावळतो. खाली एक मोठं चक्रीवादळ आकार घेतं आणि वरून ते दिसत राहतं, पण वरच्यांना काहीही करता येत नाही. बाकी घडत असं काही नाही. आता काय होणार या ओढीनं जो वाचेल त्याला इथे झोप येणारच, आणि त्यात तुमचा दोष नाही. पुस्तकाचाही नाही. हे पुस्तक पुढे जात नाही, गोल फिरतं. त्याची गंमत घ्यायची तर दोन-तीन पानं वाचून मिटून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचं. इतकं लहान पुस्तक एका दमात उरकून टाकू असं वाटणं साहजिक आहे, पण याच्या बाबतीत तेच अंगाशी येतं.

आणि तुम्ही म्हणता की काहीच आठवत नाही, पण आई गेलेली बाई तर आठवते! ती चिए, जपानी अंतराळवीर. ती वर असतानाच खाली तिची आई जाते. तिला जाता येत नाही. ज्या पृथ्वीवर आई होती ती खिडकीतून सबंध दिसते, आणि तरी जाता येत नाही. पुस्तकात ते चक्रीवादळ आहे, व्हेलाझ्केझ या स्पॅनिश चित्रकाराच्या चित्राचं एक पोस्टकार्ड आहे, समुद्रांची आणि ढगांची पानंच्या पानं आहेत. त्या सगळ्यातून तुमच्या मनात एक बाई उरली. मग नोंद तिच्यापासूनच सुरू व्हायला नको का? ‘दोनदा झोप लागली. चिए मात्र डोक्यातून जात नाही. तिची पानं आली की मी जागी व्हायचे, पुन्हा पृथ्वीची वर्णनं सुरू झाली की डोळे मिटायचे.’ ही नोंद वाचून पुस्तक कसं आहे ते मला कळतं, तुम्ही कशा आहात तेही कळतं. एखादी म्हणेल, अगं, मला नेमकी ती वर्णनंच आवडतील, आणि तुमच्या नापसंतीवरून पुस्तक घेऊन येईल. हेही नोंदीचं यशच.

आता तुमच्या गटातल्या ज्येष्ठांकडे वळते. त्यांचं निम्मं बरोबर आहे. ‘कंटाळा आला’ एवढ्यावर थांबलात तर ती प्रतिक्रियाच, आणि ती फक्त तुमच्याबद्दल सांगते. पण ‘नुसती’ हा शब्द त्यांनी उगाच घातला. प्रतिक्रिया न होता थेट समीक्षेला बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. असला तर त्याचं लिहिलेलं वाचायची मला हौस नाही. तुमची नोंद आणि समीक्षा यांच्यामध्ये अंतर आहे ते एका प्रश्नाचं. कुठल्या पानावर? कंटाळा आला तो कुठल्या पानावर? पाणी आलं ते कुठल्या वाक्याला? तिथे परत जायचं आणि लेखकानं तिथे काय केलं आहे ते बघायचं. वाक्यं लांबली का? एखादं पात्र अचानक लेखकाच्या आवाजात बोलायला लागलं का? मागे वाचलेलंच पुन्हा आलं का? समीक्षेची परिभाषा नंतर शिकलात तरी चालेल, नाही शिकलात तरी काही अडत नाही. पान सापडणं महत्त्वाचं. पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीनं बारीकशी रेघ ओढायची सवय लावा. परत करायचं असेल तर वहीत पानाचा आकडा आणि एखादा शब्द. वाचनाचा ओघ तुटेल इतकं मात्र करू नका.

‘थर्सडे मर्डर क्लब’वर हा प्रश्न लावून बघू. रिचर्ड ऑसमन यांची ही २०२०ची कादंबरी. निवृत्तांच्या वसाहतीत राहणारी चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जमून न सुटलेल्या जुन्या खुनांचा तपास लावत बसतात आणि एक दिवस खराखुरा खून त्यांच्या पदरात पडतो. तुम्हाला लाज कसली वाटली? रहस्यकथा आवडली म्हणून? गंभीर पुस्तकाला नापसंत करायला जितकं धाडस लागतं तितकंच सोप्या पुस्तकाला उघडपणे पसंत करायला लागतं, म्हणून विचारते. डोळ्यांत पाणी कुठे आलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज त्या चौघांतल्या एलिझाबेथच्या पानांवर जातो. तिच्या नवऱ्याची स्मृती ओसरत चालली आहे. आपलंही तसंच होत नाही ना या धास्तीनं ती रोजनिशीत दोन आठवडे पुढच्या तारखेला स्वतःसाठी एक प्रश्न लिहून ठेवते. ती तारीख उगवली की उत्तर आठवतं का ते बघते. खुनाच्या तपासाशी या प्रसंगाचा काडीचा संबंध नाही. अशा जागा विनोदाच्या बेतात बसवणं सोपं काम नाही. एक पाऊल इकडेतिकडे झालं की सगळं रडवेलं होतं. तुमची जागा वेगळी असेल तर ती शोधा. पण गटात ‘टाइमपास आहे’ म्हणून हात झटकू नका, रात्रभर त्या पुस्तकानं तुम्हाला जागं ठेवलं आहे. गंभीर पुस्तकानं झोपवलं आणि हलक्यानं जागवलं, यावरून तुमची आवड सुमार ठरत नाही. रहस्यकथेकडून कोडं आणि माणसं मागितलीत आणि ती मिळाली. तीच मागणी ‘ऑर्बिटल’कडे नेलीत आणि हात हलवत परत आलात. वाचनात एवढंच चुकलं म्हणता येईल, बाकी आवडीबिवडीचा प्रश्न नाही.

‘नाइफ’चा प्रश्न जरा नाजूक आहे. ऑगस्ट २०२२मध्ये न्यूयॉर्क राज्यात, भर सभेत व्यासपीठावर रश्दींवर चाकूनं हल्ला झाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्यावरचं त्यांचं हे पुस्तक २०२४मध्ये आलं. अशा पुस्तकाचा कंटाळा आला की आपण माणूस म्हणून कमी पडलो असं वाटतं, कारण वाचताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. त्यांनी जे सोसलं त्याला गुण द्यायचा अधिकार कुणाला नाही. त्यांनी जे लिहिलं त्याला आहे, आणि तो त्यांनी छापून स्वतःच दिलेला आहे. उलट लेखकावर दया म्हणून पुस्तक आवडून घेणं हा त्या लेखकाचा अपमानच. तो तुमच्याकडे लेखक म्हणून आलेला असतो, तुम्ही त्याला रुग्ण म्हणून भेटता. मला स्वतःला त्यातली रुग्णालयाची आणि शरीर पुन्हा ताब्यात घेण्याची पानं फार ताकदीची वाटली. हल्लेखोराचं नावही न घेता त्याच्याशी केलेला कल्पनेतला संवाद मात्र सैल वाटला, कारण समोरच्याची उत्तरंही लेखकच लिहितो आणि सामना एकतर्फी होतो. तुमचा कंटाळा तिथलाच असेल असं नाही. असला तर तसं लिहा, आणि वेगळ्या पानाचा असला तर आपलं पटणार नाही, इतकंच.

आता ‘हार्ट लॅम्प’. इथे मात्र मी तुमच्या बाजूनं नाही. बानू मुश्ताक यांच्या १९९० ते २०२३ या काळातल्या बारा कन्नड कथा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणल्या आणि २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं, आणि लेखिका व अनुवादक यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं गेलं. तुम्हाला आडवे आलेले शब्द कन्नड, उर्दू, अरबी आहेत. ते ठरवून तसेच ठेवलेले आहेत, तिरप्या ठशात नाहीत आणि तळटीपही नाही. अनुवादिकेनं यामागची भूमिका पुस्तकाच्या शेवटी एका टिपणात मांडली आहे; पत्रावरून वाटतं की तुम्ही तिथवर गेला नाहीत. (शेवटची टिपणं कुणी वाचत नाही हे अनुवादकांचं जुनं दुःख आहे.) म्हणून ‘अनुवाद कच्चा’ हा निकाल टिकत नाही. ‘मी अडले’ हे मात्र टिकतं. कुठे अडलात, पुढचं वाक्य वाचल्यावर अर्थ लागला की नाही, आणि तो शब्द इंग्रजीत सपाट करून ठेवला असता तर कथेतली बाई तुम्हाला तशीच ऐकू आली असती का, हे तपासा. त्यातली शेवटची कथा थेट देवालाच उद्देशून आहे, तू एकदा बाई होऊन बघ म्हणून. ती मोठ्यानं वाचून पाहा. अडखळणं बरंचसं कमी होईल असा माझा कयास आहे. नाही झालं तर तसं लिहायला तुम्ही मोकळ्या आहात, मग ते मत असेल.

‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’बद्दल फार बोलायला नको. जेम्स क्लिअर यांचं २०१८चं हे पुस्तक कामाचं आहे आणि लांबलेलंही आहे, दोन्ही खरं. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षात सदतीस पट व्हाल हा हिशेब कागदावर चोख आहे, चक्रवाढ व्याजासारखा; माणूस मात्र मुदत ठेव नाही. झपाटलात तेव्हा तुम्ही पहिली काही प्रकरणं वाचत होतात आणि वैतागलात तेव्हा तीच गोष्ट नव्या उदाहरणानं पुन्हा ऐकत होतात. अशा पुस्तकाला ‘आवडलं का’ हा प्रश्नच विचारू नका. ‘महिन्याभरानं यातलं काय करते आहे?’ हे विचारा आणि नोंद तेव्हा लिहा.

नोंदीवरून सुचलं म्हणून सांगते. एलिझाबेथची युक्ती तुम्हीही वापरा, थोड्या वेगळ्या कारणासाठी. पुस्तक संपल्या संपल्या लिहिलेल्या चार ओळींखाली जागा सोडा, तारीख घाला, आणि काही आठवड्यांनी वरचं न वाचता आठवेल ते लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. काही पुस्तकं पहिल्या नोंदीत जोरात असतात आणि दुसऱ्या नोंदीपर्यंत पार विरून जातात. काही उलट वागतात. चिए तुमच्याकडे अशीच टिकली आहे. आणि हो, गटात तारे देण्याची पद्धत असेल तर निदान वहीत तरी ती नेऊ नका. ‘नाइफ’ला तीन आणि ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’लाही तीन, यातून कुणाला काय कळणार?

मैत्रिणीला काय सांगायचं? खरं सांगा, पण निकाल सांगू नका. “मला झोप आली” एवढंच म्हणालात तर ती दुखावेल, “अप्रतिम” म्हणालात तर पुढच्या वाढदिवसाला तसलंच आणखी एक येईल. चिएबद्दल बोला. “ती आई गेलेली बाई माझ्या डोक्यातून जात नाही, बाकी पुस्तकात मी हरवले. तू कशी वाचलीस?” यात एकही खोटा शब्द नाही. शिवाय तिनं ते पुस्तक तुमच्यासाठीच का निवडलं ते कळेल, आणि भेट मिळालेल्या पुस्तकात मला तरी तेच सगळ्यात कुतूहलाचं वाटतं.

गटात मात्र दर वेळी बोललंच पाहिजे असं नाही. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. न वाचण्याचा, पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, वाटेल ते वाचण्याचा असे. त्यातला दहावा गप्प राहण्याचा आहे. ज्येष्ठांना तो वाचून दाखवा हवं तर.

ता. क.ला उत्तर: ‘प्रॉफेट साँग’ आत्ता घेऊ नका. झोपायच्या आधी तर मुळीच नको. पुढेमागे घ्यावंसं वाटलं तर दिवसाउजेडी घ्या, सोडलं होतं त्याच्या चार पानं मागून सुरू करा, आणि प्रकरण संपलं की उठून जा. त्या पुस्तकात थांबायला जागा फारशा नाहीत.